‘घेऊ नका’ म्हणणारा मिस्त्री

धोबीतलावाच्या एका गल्लीत पोटमाळ्यावर बसून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीचं माझ्यावर मोठं ऋण आहे. ते कशाबद्दल, हे सांगितलं की लोक हसतात. त्यानं मला आजवर एकही वाद्य विकलेलं नाही. मी घ्यायला निघालेला सॅक्सोफोन दर वेळी हातात घेऊन, उलटापालटा करून, ‘घेऊ नका’ एवढंच तो म्हणत राहिला. त्यातल्या एका सौद्यात त्याची स्वतःची दलाली होती, तीही त्यानं बुडवली. माणूस निवृत्त, खिसा बेताचा आणि हौस दांडगी, अशा गिऱ्हाइकाला बाजारात काय काय गळ्यात मारलं जातं हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या दोन शब्दांची किंमत कळेल.

पण मिस्त्रीच्या आधी मास्तरांचं सांगायला हवं, कारण हौस त्यांनी लावली.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कऱ्हाडला कॉलेजात होतो. आमच्या मागच्या आळीत एका बँड कंपनीची खोली होती. दारावर रंगवलेली पाटी, आत खुंट्यांवर टांगलेले लाल कोट, कोपऱ्यात एकावर एक रचलेले ड्रम. तुळशीचं लग्न झालं की ती खोली रिकामी व्हायची ती थेट ज्येष्ठ संपेपर्यंत. आषाढीनंतर मात्र मंडळी परतायची आणि गणपतीपर्यंत हाताला फारसं काम नसायचं. त्या पावसाळ्यात बँडचे मास्तर दुपारी एकटेच सॅक्सोफोन घेऊन बसत. ‘आराधना’ येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यातल्या शेकोटीपुढच्या गाण्यातला सॅक्स अजून सगळ्यांच्या कानात होता. तो मनोहारी सिंग यांनी वाजवलाय हे मला मास्तरांनीच सांगितलं. पडद्यावर न दिसणाऱ्या माणसालाही नाव असतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

मास्तर वाजंत्र्यांच्या घरातले. वडील सनई वाजवत. मास्तर सनईवरून क्लॅरोनेटवर आणि क्लॅरोनेटवरून सॅक्सवर आले. पुढे कधीतरी कद्री गोपालनाथ यांच्याविषयी वाचताना मला मास्तर आठवले होते. त्यांचेही वडील नागस्वरम् वाजवायचे, आणि मैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्स ऐकून त्यांना तो कर्नाटक संगीतात आणायची ओढ लागली. गोपालनाथ यांना पुढे पद्मश्री मिळाली. मास्तरांना वरातीमागे वरात मिळाली. फुंकीच्या जातीत मला फारसा फरक वाटत नाही, पण माझं मत पक्षपाती आहे.

शिकवा म्हणून मी गेलो तेव्हा मास्तरांनी आधी चहा मागवला आणि कप माझ्यापुढे सरकवण्याआधी विचारलं, “घरी चालेल ना?” त्यांचा प्रश्न कशाबद्दल आहे, ते न सांगताच समजलं. मी चहा प्यालो. घरी ते चालणार नव्हतंच. आजीनं आठवडाभर अबोला धरला, वडील म्हणाले, “वाजंत्र्यांत बसायला तुला कॉलेजात घातलं का?” मास्तरांनी मात्र पुढे कधी तो विषय काढला नाही.

त्यांना नोटेशन येत नव्हतं. शेजारी पेटी ठेवून ते शिकवत. आल्टो सॅक्सवरचा ‘सी’ धरला की पेटीची काळी दोन वाजते, टेनरवर तीच बोटं ठेवली की काळी पाच. आल्टो ई-फ्लॅटचा, टेनर बी-फ्लॅटचा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मास्तरांचं पुस्तक म्हणजे ती पेटी. त्यांचा आल्टो झेक बनावटीचा, आमाटी कंपनीचा होता. पितळेवरचं लॅकर जागोजाग उडालेलं, बोटं बसतात तिथे शिंपल्याची बटणं झिजून खोलगट झालेली. फुंकताना थरथरणारी पातळ पट्टी, म्हणजे रीड, महाग आणि दुर्मिळ, म्हणून दाढीच्या ब्लेडनं तासून एकेक रीड ते कितीतरी दिवस चालवत. रीड ओली करून उजेडात धरायची, टोकाजवळ जाड दिसेल तिथे ब्लेड अलगद ओढायचं, पुन्हा उजेडात धरायची. हे काम त्यांनी मला करू दिलं नाही, बघू मात्र दिलं.

फीचं विचारलं की म्हणायचे, “नोकरी लागली की बघू.” नोकरी लागली. बँकेचा पहिला पगार झाल्यावर पेढे आणि पाकीट घेऊन गेलो. त्यांनी पेढे ठेवून घेतले, पाकीट परत केलं. म्हणाले, “यात भर घालून स्वतःचं वाद्य घ्या. दुसऱ्याच्या वाद्यावर किती दिवस?”

ते जमलं नाही. तेव्हा परदेशी सॅक्स दुकानात जाऊन घेता येत नसे. आखातातून येणारे, बोटीवर नोकरी करणारे, नाहीतर गोव्याची मंडळी घेऊन येत आणि ते मागतील ती किंमत. आमच्या कारकुनी पगाराच्या पलीकडचं ते होतं. मग बदल्या, लग्न, मुली, घराचं कर्ज. डोंबिवलीत स्थिरावलो. पुढची पस्तीसेक वर्षं माझ्या फुंकीचा उपयोग फक्त चहाच्या कपावर झाला.

निवृत्तीनंतर धाकटी म्हणाली, “बाबा, तुम्ही पूर्वी काहीतरी वाजवायचात ना?” ‘काहीतरी’ हा शब्द मला लागला. नव्या वाद्यांचे भाव काढले. यामाहाचा अगदी विद्यार्थ्यांसाठीचा आल्टो लाखाच्या वर. चिनी बनावटीचा नवाकोरा, पेटीसकट, पंचवीस-तीस हजारांत. मधलं जे काही आहे ते जुन्या बाजारात. याच सुमारास आमच्या कॉलनीत एक वरात आली. गाणं थांबल्यावर सॅक्स वाजवणाऱ्याजवळ जाऊन मी जुन्या वाद्याचं विचारलं. घाम पुसत तो म्हणाला, “काका, सॅक्स नंतर बघा. आधी मिस्त्री बघा.” आणि त्यानं मोबाइलवरून नंबर वाचून दाखवला. त्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं. नवरदेवाकडची मंडळी पुढच्या गाण्यासाठी ओरडत होती.

मिस्त्रीचं कुटुंब मूळ मेरठचं. तिथला जली कोठी भाग देशभरच्या बँडवाल्यांना वाद्यं पुरवतो. मिस्त्रीचे वडील तिथून मुंबईला आले. मिस्त्री मात्र इथेच जन्मला. मराठी माझ्यासारखीच बोलतो, हिंदीवर येतो ते फक्त चिडला की. पोटमाळ्यावर ताठ उभं राहता येत नाही. भिंतीवर सॅक्सच्या माना, क्लॅरोनेटचे तुकडे, ट्रंपेटच्या नळ्या. पुढ्यात स्पिरिटचा दिवा, चिमटे, सुया आणि एक जुना हॉर्लिक्सचा डबा, ज्यात निरनिराळ्या आकाराच्या कातडी गाद्या. सॅक्स पितळेचा असला तरी वाद्यशास्त्रात तो लाकडी वाद्यांच्या वर्गात बसतो, कारण आवाज रीडमधून निघतो. अडोल्फ साक्स या बेल्जियन माणसानं १८४६मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून दुरुस्तीवाल्यांच्या पोटापाण्याची सोय झालेली आहे. आल्टोवर अशा पंचवीसच्या आसपास गाद्या असतात आणि प्रत्येकीनं आपलं भोक काठोकाठ बंद केलं पाहिजे. एक जरी तिरकी बसली तरी तिच्याखालचे सगळे सूर बिघडतात.

पहिल्यांदा त्याच्याकडे नेला तो ठाण्याच्या एका कॉलेजकुमाराचा चिनी आल्टो. वर्षभर वापरलेला, आरशासारखा चकचकीत, चौदा हजार. मिस्त्रीनं तो उचलला, खालच्या बाजूची लांब चावी अंगठ्यानं जराशी दाबली आणि ती वाकली. माझ्या डोळ्यांदेखत. त्यानं ती पुन्हा सरळ केली; सहज झाली. म्हणाला, “साहेब, ही चावी नाही, बर्फी आहे. आज सरळ करीन, उद्या वाकेल. घेऊ नका.” अशी वाद्यं तो दुरुस्तीला घेतच नाही. चिनी बनावटीतही बरी वाद्यं असतात, तो म्हणाला, पण ती या भावात नसतात.

दुसऱ्या वेळचा प्रसंग मला जन्मभर लक्षात राहील. जुन्या वाद्यांचा एक दलाल एक अमेरिकन आल्टो घेऊन आला होता. घंटेवर, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर, नक्षी, सोनेरी झगमग, मखमली पेटी. भाव साठ हजार, माझ्यासाठी पंचावन्न. ‘अँटिक आहे, दर वर्षी भाव चढतो’ वगैरे चाललं होतं. मी मनातल्या मनात एफडी मोडून झालो होतो. मिस्त्रीनं दलालाला खाली चहा सांगायला पाठवलं. मग वाद्याची मान काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “हिच्या वळणाखाली बोट फिरवा.” फिरवलं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पितळेखाली बारीक सुरकुत्या लागल्या. “मान दबली आहे. कुणीतरी जोर लावून बसवत होता. आता ही वरच्या सुरात कधी खरी वाजायची नाही.” मग नक्षी दाखवली, तिच्या रेषांच्या कडा पुसट झालेल्या. कारण पूर्वीचं लॅकर काढताना पितळ घासून घासून पातळ केलेलं, वर नवं लॅकर चढवलेलं. शेवटी डोळ्यांच्या रेषेत नळी धरली. घंटा किंचित एका बाजूला कललेली होती आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीशी झाळल्याची करडी कड दिसत होती. “पडलेला आहे. घेऊ नका.”

दलाल चहा घेऊन वर आला. मिस्त्री त्याला म्हणाला, “साहेबांना टेनर पाहिजे होता, हा आल्टो निघाला.” इतक्या सफाईदार थापेचा मला हेवा वाटला. पुढे कळलं, त्या सौद्यात मिस्त्रीला पाच हजार मिळणार होते.

त्यानंतर त्यानं मला बसवून जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं देतो, कारण पुष्कळांच्या उपयोगी पडेल. “लॅकर गेलेलं असू दे. गाद्या फाटलेल्या असू देत, बूच तुटलेलं असू दे, स्प्रिंगा गंजलेल्या असू देत. ते सगळं मी बदलतो. नळी सरळ पाहिजे, मान सरळ पाहिजे, चाव्या दांड्यांवर खुळखुळता कामा नयेत. आणि कंपनी अशी पाहिजे, जिचे पार्ट मिळतात. दिसायला कसा आहे ते बायकोला विचारा, मला नको.”

आणि वाजवणाऱ्यानं स्वतः काय बघावं? वरच्या सुरापासून एकेक बोट टाकत हळूहळू खाली उतरायचं. गादी गळत असेल तर तळाचे सूर लागत नाहीत, किंवा गुळगुळ करत दुसऱ्याच सुरात घसरतात. तसं झालं की तो ट्यूबलाइट घालवतो, बारीक दिव्यांची माळ नळीत सोडतो आणि एकेक चावी अगदी हलक्या हातानं मिटत जातो. गळणाऱ्या गादीच्या काठाशी नखाएवढी प्रकाशाची चंद्रकोर दिसते. वडील सिगारेटच्या कागदाची पट्टी गादीखाली धरून ओढून बघत, तो म्हणाला. कागद सहज सुटला की तिथे गळती. मिस्त्री अजूनही दिव्यानंतर एकदा कागद ओढून बघतोच. वडिलांचा मान.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. “एक जागा आहे. येताना पैसे आणू नका.”

तो मला दाबूळला घेऊन गेला. धोबीतलाव, दाबूळ, कॅव्हल हा सगळा पट्टा गोवेकरांचा. गावांच्या नावांची कूडं, म्हणजे गाववाल्यांच्या राहण्याच्या सामायिक खोल्या, इथेच, बोटीवर जाणारे आणि बोटीवरून आलेले इथेच उतरत, आणि वादकही इथेच. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सूरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेली मुलं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली, आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्या जोरावर उभे राहिले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यातली थोडी नावं. सेबॅस्टियन तर कितीतरी वर्षं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यमांडणी लिहीत होते. पण ज्यांची नावं कुठेही छापली नाहीत असे शेकडो होते. सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद मोडले, आणि त्यांची वाद्यं कपाटांवर चढली. मुंबईत चांगला जुना सॅक्स मिळतो, त्याचं एक कारण हे आहे. ते आनंदानं सांगण्यासारखं नाही.

मिस्त्रीनं मला नेलं ते अशाच एका घरी, एका आन्टींकडे. आन्टी ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे पती असेच एक वादक. हॉटेलात, मग स्टुडिओत. त्यांचा खरा सॅक्स फ्रेंच सेल्मर, मार्क सिक्स. जाणकार आजही त्यासाठी लाखांनी मोजतात. तो त्यांच्या शेवटच्या आजारपणात विकला गेला. उरला तो यामाहाचा वायएएस तेवीस, जपानी बनावटीचा विद्यार्थ्यांचा आल्टो, जो त्यांनी उतारवयात चर्चच्या बँडमधल्या पोरांना शिकवण्यासाठी घेतला होता. पेटी उघडली तेव्हा आत बुरशीचा वास. मानेचं बूच तुटलेलं, जी-शार्पची गादी भोकाला चिकटून बसलेली. ही गादी एरवीही मिटलेलीच असते, त्यामुळे न वाजवता ठेवलेल्या सॅक्सवर चिकटण्यात तिचा नंबर पहिला. मिस्त्रीनं नखानं ती सोडवली, मानेखाली बोट फिरवलं, नळी डोळ्यांच्या रेषेत धरली, चाव्या हलवून बघितल्या. आणि काही बोललाच नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, “बघताय काय? विचारा भाव.”

भाव पंचेचाळीस हजार, आणि त्यात पैसा कमी नाही, हे आन्टींनी आधीच सांगून टाकलं. कोकणी, हिंदी आणि मराठी अशी त्यांची भाषा. पण मी चेकबुक काढलं तशा त्या भडकल्या. वाजवून न बघता वाद्याचे पैसे देतो हा कसला वादक? वाद्य घेऊन जा, दुरुस्त करून घे, महिनाभर वाजव, पटलं तर पैसे आण. नाही पटलं तर दुरुस्तीचा खर्च मी देईन. मी म्हटलं, निदान अनामत ठेवा, आधार कार्ड तरी बघा. त्यांनी हात उडवला. “मिस्त्रीचो मनीस न्हय तूं? घेवन वच. पयशे मागीर.”

मी चाळीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. जामीनदाराची सही नसलेला कागद मी कधी पुढे सरकवला नाही. आणि इथे माझा जामीनदार जिन्यात उभा राहून पान खात होता.

पेटीच्या कप्प्यात दोन-तीन रीडी, सिगारेटच्या कागदाचं एक पाकीट आणि एक छोटी डायरी निघाली. डायरीत तारखा, स्टुडिओ, तास, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात ‘मिळाले’ किंवा ‘यायचे’. ‘यायचे’ बऱ्याच ठिकाणी होतं. काही निर्मात्यांची नावं वाचून मी चकित झालो. ती इथे लिहीत नाही. डायरी परत करायला गेलो तर आन्टी म्हणाल्या, “कोण देणार आता? ते पण मेले, हा पण मेला.” पण डायरी त्यांनी घेतली, आणि ती जपून कपाटात गेली.

दुरुस्तीला मिस्त्रीनं नऊ हजार घेतले. गाद्या परदेशी, म्हणून. काम चालू असताना मी समोर बसून होतो. गादी चावीच्या वाटीत बसते ती लाखेनं. आपली तीच लाख, झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत किड्यांपासून मिळणारी. जगभरचे पुष्कळ कारागीर सॅक्ससाठी अजूनही तीच वापरतात. वाटी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, लाखेचा थेंब सोडायचा, गादी ठेवायची, चावी भोकावर मिटून मोजके क्षण दाबून धरायची, की गादी स्वतःच आपली पातळी शोधते. मग माळेचा दिवा, मग कागद. पुन्हा तापवणं. एकेका गादीशी तो इतका वेळ घालवत होता की नऊ हजारांत त्याला काय सुटत असेल, याचा हिशेब माझ्यातला बँकवाला करत होता. फार सुटत नव्हतं.

निघताना मी विचारलं, आन्टींकडून दलाली किती घेणार? नाही म्हणाला. मग आधीच्या त्या सगळ्या तपासण्यांचे तरी पैसे घे. तेही नाही. मी फारच आग्रह केला तेव्हा त्याच्या वडिलांची गोष्ट निघाली. मेरठहून आल्यावर ते फूटपाथवर बसून बँडवाल्यांचे बिगुल झाळत. आन्टींच्या नवऱ्यानं एकदा रस्त्यातच स्वतःचा सेल्मर त्यांच्या पुढ्यात ठेवला. असलं वाद्य त्यांनी तोपर्यंत हातात धरलं नव्हतं. दोन दिवस ते झोपले नाहीत. काम आवडल्यावर हे गृहस्थ त्यांना रेकॉर्डिंगला घेऊन गेले आणि तिथल्या वादकांना सांगितलं, आपली वाद्यं आता हा बघेल. पोटमाळ्याच्या पागडीसाठीचं निम्मं कर्जही त्यांनीच मिळवून दिलं. “त्या घरातून मी दलाली घेऊ?” मिस्त्री हिंदीवर आला होता, म्हणून मी विषय थांबवला.

म्हणजे मला जे वाद्य परवडलं, ते दोन दिवंगत माणसांमधल्या एका जुन्या व्यवहारामुळे. माझा त्या दोघांशी काहीही संबंध नाही. मी आयताच लाभार्थी.

महिना पुरा व्हायच्या आतच आन्टींना पैसे नेऊन दिले. त्यांनी नोटा मोजल्या, दोनदा. मग म्हणाल्या, वाजव. मी काय वाजवणार? साठीनंतर ओठांची पकड पाच मिनिटांत सुटते, कोपऱ्यांतून हवा फुसफुसते. पूर्वी अडीच नंबरची रीड सहज चालायची, आता दीडवर आलोय. वरच्या पुढच्या दातांना ब्रिज आहे, म्हणून मुखळीवर रबराची पातळ चकती चिकटवली. ती युक्ती माझ्या दंतवैद्यबाईंची, त्यांचेही आभार. उजव्या अंगठ्यावर वाद्याचा भार येतो, तो दुखतो. असं सगळं असताना मी सरगम वाजवली, तळाच्या बी-फ्लॅटपर्यंत उतरलो आणि तो सूर लागला. आन्टींनी मान हलवली. “तळाचो सूर आयलो,” एवढंच म्हणाल्या. ती दाद मला होती की मिस्त्रीला, हे मी विचारलं नाही.

सोसायटीत कुणाची कटकट नको म्हणून घंटेत टॉवेल कोंबून बघितला. त्यानं काही होत नाही. सॅक्सचा आवाज बराचसा उघड्या भोकांतून बाहेर पडतो. आता गच्चीवर, लिफ्टच्या खोलीच्या आडोशाला, संध्याकाळी वाजवतो. वॉचमन सोलापूरकडचा आहे. त्याचे चुलते बँडमध्ये होते म्हणे. सूर घसरला की खालून शिट्टी मारतो. चतुर शिक्षक आहे आणि फी घेत नाही.

गेल्या दिवाळीत कऱ्हाडला गेलो होतो. मास्तर जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. खोलीवर नातू भेटला. आता बँडबरोबर बेंजो पार्टी आणि साउंड सिस्टीमही आहे. मास्तर कधी माझ्याबद्दल बोलायचे का, असं मी विचारलं. त्यानं आठवून बघितलं आणि म्हणाला, “नाही हो काका. ते फार जणांना शिकवायचे.” आमाटी त्यांनी हयातीतच सांगलीकडच्या कुणाला विकली होती. चहा आला. या वेळी मला कुणी काही विचारलं नाही. मास्तरांची फी म्हणून मी रीडींचा एक डबा घेऊन गेलो होतो, तो नातवानं ठेवून घेतला. त्यांच्याकडे आता सॅक्स वाजवणारी दोन पोरं आहेत.

ज्यांना साठीत पुन्हा फुंकायची हुक्की आली असेल त्यांनी नव्याच्या मागे लागू नये, चकाकीच्या तर अजिबात नाही, आणि दुकान शोधण्याआधी मिस्त्री शोधावा. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, जिथे बँड आहे तिथे तो असतोच. वरात थांबेल तेव्हा सॅक्सवाल्याला विचारा. मुंबईतल्या माझ्या मिस्त्रीचा पत्ता हवा असेल तर मी जरूर देईन. तपासायचे पैसे तो घेणार नाही, आग्रह करू नका. दुरुस्तीचा भाव मात्र पाडून मागू नका. सोमवारी तो बसत नाही.